शेवटचा आकडा

मुलाखतीत नापास झालेल्या माणसाने पुढे मुलाखती घेऊ नयेत असा काही नियम नाही. त्यामुळे मी त्या बरीच वर्षे घेत आलो आहे.

नापास झालो ती मुलाखत १९९६ सालची. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी नुकतीच हातात पडली होती. सांगलीहून रात्रीच्या एसटीने निघालो, पहाटे स्वारगेटला उतरून तिथल्याच नळावर तोंड धुतले आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना गाठला. लोह-कार्बन आकृतीपासून ऑटो सायकलपर्यंत सारे पाठ केलेले होते. त्यातले काहीच कोणी विचारले नाही. टूलरूमचे प्रमुख असलेल्या वयस्कर गृहस्थांनी टेबलाच्या खणातून एक व्हर्नियर आणि ग्राइंड केलेली एक पिन काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "माप सांग."

मी जबडे लावले, डोळे बारीक केले आणि ठामपणे सांगितले, "चोवीस पूर्णांक नऊ आठ सात मिलिमीटर."

"शेवटचा सात कुठून आणलास?"

त्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर होता. त्यावर २४.९८ वाचता येते आणि त्यानंतर एकदम २५.००. मधले काही त्याला दिसतच नाही. तो सात मी माझ्या पदरचा घातला होता. दशांश चिन्हापुढे तीन आकडे असले म्हणजे ते इंजिनिअरचे बोलणे वाटते, एवढ्याच कारणासाठी. त्यांनी व्हर्नियर पुसून परत खणात ठेवला आणि न रागावता म्हणाले, "जे दिसलं नाही ते सांगायचं नाही. चांगला जॉब चुकून रिजेक्ट झाला तर आपलं नुकसान. चुकून पास झाला तर तो कुणाच्या तरी गाडीत बसतो."

नोकरी मिळाली नाही. पण प्रश्न मिळाला, आणि टेबलाच्या पलीकडे बसायची वेळ आली तेव्हा तोच मी विचारू लागलो.

२०११ साली चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागासाठी मुलाखती होत्या. आम्ही तिघे होतो: कारखान्याचे व्यवस्थापक, मनुष्यबळ विभागाच्या अधिकारी आणि मी. बीड जिल्ह्यातला एक मुलगा आला. आधी डिप्लोमा, मग पदवी. मी एक रिंग आणि व्हर्नियर पुढे केला. "बोअरला ड्रॉइंगवर २५ एच ७ दिलंय. बरोबर आहे का, बघ."

त्याने खिशातल्या रुमालाने बोअर पुसला. कडेवरून नख फिरवून बर आहे का ते पाहिले. मग व्हर्नियर बाजूला ठेवला.

"सर, यानं सांगता येणार नाही. पंचवीसला एच सात म्हणजे वर एकवीस मायक्रॉनची सूट. याची एक रेघच वीस मायक्रॉनची आहे. प्लग गेज मिळेल का?"

पंधरा वर्षांपूर्वी मला जे सुचायला हवे होते, ते त्याला सुचले होते. मी त्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढचे प्रश्न इंग्रजीतून झाले. स्वतःविषयी सांगा, पाच वर्षांनी कुठे असाल. त्याचे वाक्य सुरू होई आणि मध्येच तुटे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याच्यानंतर आलेल्या उमेदवाराचे इंग्रजी ओघवते होते. माझ्या रिंगचे माप त्याने, त्याच व्हर्नियरवर, दशांश चिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत सांगितले.

संध्याकाळी तिघांच्या गुणांची सरासरी निघाली. बीडच्या मुलाला ७१.३, दुसऱ्याला ७१.७. जागा एकच होती. "आकडेच सांगताहेत," अधिकारी म्हणाल्या. व्यवस्थापकांना पुढच्या बैठकीची घाई होती. हा दशांश कुठून आणला, असे विचारायला तिथे मीच होतो. दुसऱ्या कोणाला तो प्रश्न ठाऊकही नव्हता. पगारवाढीचे दिवस होते. मी सही केली.

प्लग गेजचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. त्याचे एक टोक 'गो', दुसरे 'नो गो'. एक आत जायला हवे, दुसरे जायला नको. माप किती, हे तो सांगत नाही. ते आपल्याला कळत नाही याची त्याला लाजही नाही. पंचवीस मिनिटांच्या मुलाखतीला माणसाविषयी याहून फारसे अधिक कळत नसावे. काम येते की नाही, कळत नाही ते कबूल करतो की नाही, इतपत. आम्ही मात्र त्यावर सरासरी काढून टक्क्याच्या दशांशावर एकाला आत घेतो आणि दुसऱ्याला घरी पाठवतो.

त्यानंतर मी गुण पूर्णांकातच देतो. दोघे जवळपास असले, तर दोघांनाही एक दिवस शॉपवर बोलावण्याचा आग्रह धरतो. कधी तो मानतात, कधी नाही.

त्या मुलाला नकाराचे ठरावीक दोन ओळींचे पत्र गेले. त्याला दुसरीकडे नोकरी लागली असेल, चांगलीही लागली असेल. पण परतीच्या एसटीत त्याने आपली उत्तरे पुन्हा आठवली असतील, आणि व्हर्नियर बाजूला ठेवला तिथेच आपले चुकले, असेही त्याला वाटले असेल. ते उत्तर बरोबर होते, हे त्याला कोणी सांगितले नाही.