वडाळ्याहून नागपाड्याला

वडाळ्यात राहणाऱ्या माणसाला नागपाड्याला जायचं तसं काही कारण नसतं. कपडालत्त्याला दादर, भाजी-फुलांना माटुंगा. आषाढीला तर बाहेरचेच लोक आपल्याकडे येतात, विठ्ठल मंदिराची रांग पार लांबपर्यंत जाते. नागपाडा हे बसच्या पाटीवर वाचायचं नाव. मला तिथे एका मिशनऱ्याचं घर शोधायचं होतं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे नाव मुंबईकरांच्या कानावरून सहसा गेलेलं नसतं. ‘टिस’, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, मात्र सगळ्यांना ठाऊक असते, आणि ती त्यांनी सुरू केली.

निघताना आधी अ‍ॅकवर्थ रुग्णालयाच्या फाटकाशी थांबलो. ते वाटेतच होतं, आणि वडाळ्याची गोष्ट तिथूनच सुरू करावी लागते. 1890 साली म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांनी शहरातल्या बेघर कुष्ठरोग्यांसाठी इथे आश्रम उघडला. तेव्हा याला माटुंग्याचा आश्रमच म्हणत. प्लेगमध्ये पुढे नाव झालेले डॉ. नसरवानजी चोक्सी याचे अधीक्षक होते. या अ‍ॅकवर्थसाहेबांचा दुसरा उद्योग मला जास्त आवडतो. शंकर तुकाराम शाळिग्राम यांना हाताशी धरून त्यांनी मराठी पोवाडे जमवले आणि 1891 मध्ये छापले. गोंधळ्यांच्या तोंडी असलेलं बरंचसं त्यामुळे वाचलं. सकाळी कुष्ठरोग्यांच्या फायली आणि संध्याकाळी अफझलखानाचा वध, असा दिवस घालवणारा कमिशनर या शहराला पुन्हा मिळाला असेल असं वाटत नाही.

पण आश्रम इथेच का? तर वडाळा तेव्हा शहराची कड होती. मिठागरं, खाडीचा चिखल, चार वाड्या. जे डोळ्यांसमोर नको ते कडेला नेऊन ठेवायचं, ही मुंबईची जुनी खोड. सहा वर्षांनी, 1896 च्या सप्टेंबरात, मांडवीत प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि नकाशाच उलटापालटा झाला. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याची पहिली योजना नागपाड्याची होती. तिथली दाटीची घरं पाडून रस्ते काढायचे, हवा खेळती करायची. आणि पुढच्या योजना दादर, माटुंगा, वडाळा, शीव या मोकळ्या पट्ट्याच्या. इथे प्लॉट आखायचे आणि नवी वस्ती वसवायची. पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, आमचे रुंद रस्ते, सगळं त्यातलं. म्हणजे वडाळा आणि नागपाडा एकाच कचेरीतून निघालेले कागद. फरक इतकाच की नागपाड्यात ज्यांची घरं पडली ते काही वडाळ्याच्या प्लॉटवर राहायला आले नाहीत. भाडं परवडण्यासारखं नव्हतं आणि काम तिकडेच होतं. ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीनं शिरले. बागेत फिरायला जाणाऱ्या आम्हा वडाळेकरांना हे कुणी सांगत नाही.

बस नायगाव, भोईवाडा करत परळला आली. टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर नेहमीप्रमाणे गावाकडून आलेली माणसं बसलेली. छातीशी एक्स-रेचं मोठं पाकीट धरलेली एक बाई नवऱ्याला केळं सोलून देत होती. त्याला ते गिळवत नव्हतं, तरी ती छोटे छोटे तुकडे पुढे करत होती. सर दोराबजी टाटा 1932 मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टच्या पैशातून हे रुग्णालय 1941 साली उघडलं. त्याच ट्रस्टनं त्याच्या पाच वर्षं आधी मॅनशार्ट यांच्या शाळेला पैसा दिला होता. ती गोष्ट पुढे येईल.

परळमधून जाताना दामोदर हॉलची आठवण काढल्याशिवाय जाऊ नये. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात फिरती वाचनालयं, रात्रशाळा, कामगारांसाठी कायद्याचा सल्ला हे लीगचं काम. दामोदर हॉल त्यांचाच. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण परदेशी मिशनऱ्यानं येऊन मुंबईला समाजसेवा शिकवली असं कुणाला वाटायला नको. चाळीत जाऊन काम करणारी माणसं इथे आधीपासून होती, आणि ती मराठीत विचार करणारी होती.

लालबाग, चिंचपोकळी, भायखळा. राणीच्या बागेपुढे बस रिकामी झाली. मी जे. जे. रुग्णालयाशी उतरलो. मागे डेव्हिड ससूननं बांधलेलं मागेन डेव्हिड सिनेगॉग, पुढे रुग्णालयाचं फाटक. याच जे. जे.मध्ये 9 मे 1919 रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळक वारले. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेत भेटतो, पण ते अमेरिकन मराठी मिशनचे पाळकही होते. बाप्तिस्मा त्यांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईतच घेतला होता. मॅनशार्ट त्याच मिशनकडून, टिळक गेल्यानंतर सहा वर्षांनी मुंबईत उतरले. दोघांची भेट झाली असती तर काय बोलले असते, याची उत्सुकता मला आहे. बहुधा पगारावरून वाजलं असतं.

हे पगाराचं थोडं समजावून सांगायला हवं.

अमेरिकन मिशनची पहिली माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरली. कंपनी सरकारला ती नको होती, पण राहिली. 1824 मध्ये या मिशननं मुंबईत मुलींची शाळा काढली. 1842 मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, ते अजून निघतं. या मिशनमध्ये पगारावरून बंड करणाऱ्यांची परंपराच आहे. जॉर्ज बोवेन 1848 मध्ये आले. मिशनऱ्याचा बंगला आणि तनखा हे आपल्या आणि इथल्या लोकांच्या मधली भिंत आहे असं त्यांना वाटलं, म्हणून तनखा सोडला. साध्या खोलीत राहिले, शिकवण्या आणि संपादकीवर भागवलं आणि चाळीस वर्षं स्वदेशी न परतता 1888 मध्ये इथेच वारले. टिळकांनीही 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. दोघांचं म्हणणं एकच होतं. सेवा आणि पगार एका ताटात बसत नाहीत. हे आपल्या रक्तातलंच आहे. पैसे घेऊन कीर्तन करणाऱ्यावर तुकोबांपासून सगळ्यांनी कोरडे ओढलेत.

मॅनशार्ट यांनी याच्या बरोबर उलट केलं.

जे. जे.हून पश्चिमेला चालत निघालं की दहा मिनिटांत मुंबई तीनदा बदलते. लोखंडाची भांडी, मग मोटारीचे सुटे भाग, मग कापलेल्या फळांच्या गाड्या. डावीकडे कामाठीपुरा. निजामाच्या मुलुखातून इमारतीच्या कामाला आलेल्या तेलुगू कामाठ्यांचं नाव त्याला पडलं आणि पुढे वेगळ्याच कारणानं बदनाम झालं. उत्तरेला मदनपुरा, उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांचा. मधे नागपाडा. इथे बगदादी ज्यू होते, बेने इस्रायली होते, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, घाटावरची माणसं. क्लेअर रोडला आता मिर्झा गालिबचं नाव आहे. मंटो या भागात राहिला आणि इथली माणसं त्याच्या कथांत गेली.

शिकागो विद्यापीठातून धर्मशास्त्र शिकून आलेला, तिशीही न गाठलेला माणूस 1925 मध्ये इथे आला. 1926 साली मिशननं नागपाडा नेबरहुड हाउस स्थापन केलं आणि त्याला पहिला संचालक नेमलं. शिकागोत जेन अ‍ॅडम्स यांचं हल हाउस 1889 पासून चालू होतं, आणि त्याच्याही आधी लंडनमध्ये सॅम्युएल बार्नेट या धर्मगुरूनं टॉयन्बी हॉल काढला होता. शिकलेल्यांनी गरिबांच्या वस्तीत घर करून राहायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं, ही कल्पना. वाचनालय, व्यायामशाळा, वर्ग, व्याख्यानं, दवाखाना. आज यात नवल वाटणार नाही. नवल होतं ते एका गोष्टीचं. घर मिशनचं, पैसा मिशनचा, पण धर्मांतर हा हेतू ठेवायचा नाही असं मॅनशार्ट यांनी धरून ठेवलं. आलेल्या मुसलमान, ज्यू, हिंदू पोरांना पुस्तक द्यायचं, पण प्रवचन त्याच्यासोबत बांधून द्यायचं नाही. चर्चमधल्या बऱ्याच लोकांना हे रुचलं नाही. अमेरिकेतल्या चर्चमध्ये रविवारी परडी फिरते ती आत्मे वाचवण्यासाठी, नागपाड्यात व्यायामशाळा चालवण्यासाठी नव्हे, असं त्यांचं गणित. मॅनशार्ट यांनी या विषयावर पुस्तकं लिहिली. गांधींनी मिशनऱ्यांबद्दल जे लिहिलं त्याचं संकलनही त्यांनी संपादित केलं, ते 1949 मध्ये शिकागोतून निघालं. मिशनऱ्यानं गांधींची टीका जमवून अमेरिकन वाचकापुढे ठेवावी, यातच त्या माणसाचा स्वभाव आला.

आणि हे सगळं शांततेच्या काळात चाललं नव्हतं. 1929 च्या फेब्रुवारीत पठाण मुलं पळवतात अशा अफवेवरून मुंबईत दंगल पेटली. 1932 मध्ये पुन्हा. नागपाडा, मदनपुरा, भेंडीबाजार हे भाग त्यात होरपळले. अशा वस्तीत सगळ्यांच्या पोरांना एकाच दारानं आत घ्यायचं म्हणजे रोजची परीक्षा.

इथे काम करता करता त्यांना दिसलं की भल्या मनानं येणारे पुष्कळ आहेत, काम येणारे कमी. रोग्याच्या घरी जाऊन काय विचारायचं, पाहणी कशी करायची, बालगुन्हेगाराची फाइल कशी लिहायची, हे शिकवावं लागतं. दोराबजी ट्रस्टच्या विश्वस्तांनी त्यांचा सल्ला घेतला आणि 1936 मध्ये नागपाड्यातच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी, दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा. भारतात समाजकार्य शिकवणारी अशी ही पहिली संस्था. 1941 मध्ये मॅनशार्ट गेले आणि संचालक झाले डॉ. जे. एम. कुमारप्पा, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे भाऊ. 1944 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळालं आणि 1954 मध्ये संस्था देवनारला गेली.

या शाळेतून शिकून निघालेल्यांना जागा कशा तयार झाल्या, त्यासाठी 1948 चा कारखाना कायदा पाहा. त्याच्या 49 व्या कलमानं पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर नेमणं सक्तीचं केलं. लालबाग-परळच्या गिरण्यांत हजारोंनी कामगार होते. सेवा ही नोकरी झाली. तिला पगारपत्रक, रजा, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. बोवेन आणि टिळकांनी जे वेगळं केलं होतं ते मॅनशार्ट यांच्या शाळेनं आणि या कायद्यानं पुन्हा एकत्र बांधलं.

यात काही गमावलं का? मला वाटतं, गमावलं. ना. म. जोशी कामगाराच्या बाजूला उभे राहायचे, वेल्फेअर ऑफिसरचा पगार मालक द्यायचा. संप आला की तो कुठे उभा राहणार, हे त्यालाही ठाऊक असे आणि कामगारालाही. पण दुसरी बाजू अशी की फकिरी घेणारे शंभरात एक निघतात. रुग्णालयांतून, बालगृहांतून, तुरुंगांतून रोज कुणीतरी बसायला हवं असतं, सोमवारीही आणि पावसातही. त्यासाठी संत पुरत नाहीत. परळच्या फुटपाथवर केळं सोलणाऱ्या त्या बाईला धर्मशाळेत जागा मिळवून देणारा माणूस पगारी असला तर तिचं काय बिघडतं? टिळकांपुढे मी हे बोलायला धजलो नसतो, पण मला मॅनशार्टच पटतात.

नेबरहुड हाउसचं सगळ्यात टिकलेलं काम मात्र मॅनशार्ट यांच्या पुस्तकांत ठळक नसावं. ते म्हणजे बास्केटबॉल. मिशन आणि वायएमसीएच्या मैदानांतून हा अमेरिकन खेळ नागपाड्यात आला आणि इथलाच होऊन गेला. क्रिकेटवेड्या शहरात ही एवढीशी वस्ती बास्केटबॉलची. भारताचा कर्णधार झालेला आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसिर इथला. खेळाडू घडवणाऱ्या बच्चूखान यांच्या नावाचं महापालिकेचं मैदान इथे आहे.

संध्याकाळी एका कोर्टाशी उभा होतो. दहा-बारा वर्षांची पोरं, दोघींच्या डोक्याला स्कार्फ, एकाच्या पायात नुसती स्लिपर. चेंडू इतका झिजलेला की त्यावरच्या रेघा गेल्या होत्या. शिकवणारा पन्नाशीचा, पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी. स्लिपरवाल्याला तो बाहेर काढत नव्हता, फक्त उडी मारू देत नव्हता. “पहले पाँव, फिर हाथ,” एवढंच पुन्हा पुन्हा. मधल्या सुट्टीत पाणी प्यायला आला तेव्हा मी विचारलं, किती वर्षं शिकवताय? तो म्हणाला, गिने नहीं. मग मनातलं विचारलंच, याचे पैसे मिळतात का?

बाटली खाली ठेवून तो हसला. “देंगे तो लेंगे ना. मना कौन करेगा?”

आणि शिट्टी फुंकली.