भार आणि वाढ

गेल्या पावसाळ्याअगोदर एके दिवशी मी दिवाडीहून फेरीबोटीने नार्व्यास उतरलो. तेथील एका वृद्ध मावशींच्या समाचारास मला जावयाचे होते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या कित्येक महिने खुर्चीस खिळल्या होत्या; आणि खेदाची गोष्ट ही की, तसा सल्ला मीच दिला होता. “मावशी, गुडघ्यांना विश्रांती द्या. मिस्सेला येण्याचे कष्ट घेऊ नका, ख्रिस्तप्रसाद मी घरी आणीन.” मुलानेही प्रेमापोटी त्यांना पाण्याचा तांब्यादेखील उचलू दिला नाही.

मला पाहताच त्या म्हणाल्या, “फादर, दुखणे गेले नाही, पाय मात्र गेले.” डॉक्टरांनीही नंतर स्पष्ट सांगितले की, त्यांना असे बसवून ठेवणे ही चूक होती. मी ओशाळलो आणि या विषयावर जे मिळाले ते वाचून काढले. त्यातील काही गोष्टी, प्रिय वाचकहो, तुमच्याही घरी उपयोगी पडतील.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून त्याचे पोषण होते. पाऊल टाकले की कूर्चा दाबली जाऊन थोडे पाणी बाहेर पडते. भार उतरला की ती ते पुन्हा शोषून घेते. आपल्या खाजन शेतीत पाण्याची ये-जा राखावी लागते. ते एकाच जागी तुंबले तर पीक कुजते. कूर्चेचीही रीत काहीशी अशीच आहे.

प्रयोगशाळेत नवी कूर्चा वाढविणाऱ्या शास्त्रज्ञांना हाच धडा मिळाला. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वासराच्या कूर्चेचे तुकडे सतत दाबून ठेवले, तेव्हा त्यांतील पेशींचे काम मंदावले. तसेच तुकडे तालाने दाबले व सोडले, तेव्हा पेशींचे काम वाढले. पुढे २००० साली कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी समुद्रशैवालापासून काढलेल्या, खळीसारख्या थिजणाऱ्या पदार्थात कूर्चापेशी पेरल्या. त्या वड्या दर सेकंदास एकदा, जाडीच्या शेकडा १० इतक्या दाबल्या जात. एक तास दाब, एक तास विसावा, असे दिवसातून तीनदा, आठवड्याचे पाच दिवस चालले. २८ दिवसांनी या वड्या न दाबलेल्या वड्यांपेक्षा सुमारे ६ पट ताठर झाल्या होत्या. दाबाइतकाच विसाव्यालाही त्या क्रमात वाटा होता, हे मला विशेष वाटले.

याची दुसरी बाजू अंतराळात दिसली. सप्टेंबर १९९६ मध्ये प्रयोगशाळेत तीन महिने वाढविलेली कूर्चा रशियाच्या ‘मीर’ स्थानकावर पाठविण्यात आली. तेथे वस्तूला वजन जाणवत नाही. सुमारे चार महिन्यांनी ती परत आली, तेव्हा पृथ्वीवर वाढलेल्या तिच्या जोडीदार तुकड्यांपेक्षा ती लहान, अधिक गोल व बळाने उणी निघाली.

पण यावरून भलती आशा धरू नये. झिजलेली कूर्चा चालण्याने पुन्हा उगवत नाही. रुग्णाच्याच कूर्चापेशी बाहेर वाढवून गुडघ्यात बसविण्याचा उपचार स्वीडनमधील वैद्यांनी १९९४ साली २३ रुग्णांवरील अनुभवासह जगापुढे मांडला. भारतातही अशा एका उपचारास २०१७ साली शासकीय परवानगी मिळाली. तो कूर्चेच्या मर्यादित जखमेसाठी आहे, वार्धक्यात सर्वत्र झिजलेल्या गुडघ्यासाठी नव्हे. आणि त्यातही शस्त्रक्रियेनंतर गुडघ्यावर भार एकदम नव्हे, हळूहळू वाढवीत न्यावा लागतो.

मावशींनाही डॉक्टरांनी तसेच सांगितले: बसल्या जागी मांडीचे व्यायाम, मग काठीच्या आधाराने थोडी चाल, मग विसावा, वेदना फार वाढली तर थांबावयाचे. प्रथम त्या ओसरीपर्यंत गेल्या, मग अंगणापर्यंत. मुलाला आईचे ते कण्हणे ऐकवेना; पण त्याने मन आवरले आणि तो तिच्या बाजूने चालू लागला.

परवा मी नार्व्याच्या धक्क्यावर उतरलो, तेव्हा त्या काठी टेकीत समोर उभ्या होत्या. “दुखते का?” असे मी विचारले. “दुखते हो, फादर,” त्या हसून म्हणाल्या, “पण तुमचे ऐकून बसले असते, तर आज तुम्हालाच माझ्या घरी यावे लागले असते.”

मी गप्प राहिलो. आम्ही दोघे सावकाश, मधून मधून थांबत, त्यांच्या घराकडे चालू लागलो.