ऑक्टोबरपर्यंत थांबायचं की नाही

२००७ च्या उन्हाळ्यात आमच्या कोल्हापूरच्या डीटीपी ऑफिसात मामांचं आणि माझं एका सॉफ्टवेअरवरून बरेच दिवस वाजत होतं. सॉफ्टवेअरचं नाव सुपरडुपर, काम मॅकच्या पूर्ण डिस्कची नक्कल करून ठेवणं, किंमत २७.९५ डॉलर. तेव्हाच्या भावाने साडेअकराशे रुपयांच्या आसपास. मामा प्रेस बघायचे, हिशेबही त्यांच्याकडेच. रक्कम मोठी नव्हती आणि मामा कंजूषही नव्हते. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूला पैसे मोजायचे हे त्यांना पटत नव्हतं.

फुकट मिळणार ही बातमी मीच त्यांना दिली होती. ऑगस्ट २००६ मध्ये स्टीव्ह जॉब्सने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मॅकची पुढची आवृत्ती दाखवली, लेपर्ड. तिच्यात टाइम मशीन नावाची सोय असणार होती. बाहेरची डिस्क जोडायची, बाकी सगळं मशीन आपणहून करणार. गेल्या चोवीस तासांतली दर तासाची प्रत, महिनाभराची रोजची, आणि त्याआधीची डिस्क भरेपर्यंत आठवड्याची. मधल्या कुठल्याही दिवशी मागे जाऊन तेव्हाची फाइल उचलून आणायची. आम्ही तेव्हा दर शनिवारी सीडी राइट करून ठेवत होतो आणि पावसाळ्यात त्या सीड्यांना बुरशी यायची. अशा माणसांना हे ऐकून तोंडाला पाणी सुटणारच.

लेपर्ड जून २००७ च्या सुरुवातीला यायचा होता. १२ एप्रिलला अॅपलने जाहीर केलं की आयफोन वेळेत पुरा करण्यासाठी माणसं तिकडे वळवावी लागली, त्यामुळे आता ऑक्टोबर. मामांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. ‘‘चार-पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे. इतकी वर्षं सीडीवर काढलीस न्हवं? थांब की जरा.’’

मी म्हटलं, ‘‘मामा, तुम्ही म्हणता ते टाइम मशीन सुटं मिळत नाही. लेपर्डचं खोकं घ्यावं लागेल, ते अमेरिकेतच १२९ डॉलरला असतं.’’

‘‘पण ते आज ना उद्या घेणारच आहेस की.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवृत्ती बदलायची तर होतीच. मुंबईच्या एका जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या मित्राला फोन केला, तर त्यानेही थांबायलाच सांगितलं. नवी आवृत्ती आली की जुनी सॉफ्टवेअरं तिच्यावर चालत नाहीत, पुन्हा पैसे भरावे लागतील, असं त्याचं म्हणणं. रास्त होतं. पण त्याच्या ऑफिसात नवे इंटेल मॅक होते आणि वीज जात नव्हती.

आमच्याकडे दोन पॉवरमॅक जी-फोर, दोन्ही मुंबईहून जुने घेतलेले. एक ७३३ मेगाहर्ट्‌झचा, दुसरा त्याच्याहून थोडा तेज. दोन्हींवर टायगर, म्हणजे लेपर्डच्या आधीची आवृत्ती होती, पण मराठीचं खरं काम टायगरमध्ये होत नव्हतं. आमचे मराठी फाँट, त्यांचा कीबोर्ड ड्रायव्हर आणि पेजमेकर हे सगळं मॅकच्या जुन्या नऊ नंबरच्या सिस्टिममधलं. टायगरच्या पोटात ‘क्लासिक’ नावाने ती जुनी सिस्टिम चालू करता यायची आणि त्यातच आमची पानं लागायची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तीही क्लासिकमध्येच चालणारी. दिवाळी अंकांच्या जुन्या फाइली, पंचांगं, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, सहकारी बँकांची पासबुकं, सगळं त्यातच अडकलेलं.

अशा मशीनचा बॅकअप म्हणजे फक्त फाइलींचा बॅकअप नव्हे, हे मॅकवर काम केलेल्या जुन्या डीटीपीवाल्यांना सांगायला नको. जुन्या मॅक फाँटची फाइल दोन भागांची असते. ती विंडोजच्या डिस्कवर टाकली की एक भाग गळतो आणि फाँट शून्य केबीचा दिसायला लागतो. नाव जिथल्या तिथे, आत काही नाही. त्यात ड्रायव्हर कुठे बसलाय, फाँट कुठल्या फोल्डरात आहेत, पेजमेकरच्या सेटिंगा कुठे आहेत, हे सगळं पुन्हा बसवायचं म्हटलं तर बसवणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात. म्हणून मला डिस्क होती तशीच्या तशी, सिस्टिमसकट हवी होती. त्या डिस्कवरून मशीन सुरू झालं पाहिजे आणि पेजमेकर उघडला पाहिजे. टाइम मशीनच्या डिस्कवरून मशीन थेट सुरू करता येत नाही. ती आधी नव्या डिस्कवर उतरवून घ्यावी लागते. दिवाळी अंकाचे फॉर्म तोंडावर आले असताना हा फरक मोठा असतो.

आता सुपरडुपर फुकटही वापरता येत होतं. पैसे न भरता पूर्ण डिस्कची नक्कल काढता यायची, फक्त दर वेळी पहिल्यापासून. पैसे भरले की मिळायचं ते ‘स्मार्ट अपडेट’, म्हणजे बदललं तेवढंच उचलायचं. मामांनी लगेच पकडलं, ‘‘मग फुकटातलंच वापर. रात्री लावून घरी जायचं.’’ पण तेव्हाचं लोडशेडिंग आठवा. वीज सकाळीही जायची, संध्याकाळीही जायची, आणि वेळापत्रक पेपरात एक छापलेलं असायचं नि घडायचं दुसरंच. आमचा इन्व्हर्टर एक मशीन आणि दोन ट्यूबलाइट कशाबशा ओढायचा. पूर्ण डिस्कची नक्कल व्हायला काही तास लागत. ती निम्म्यात तुटली की हातात जुनीही नाही आणि नवीही नाही. स्मार्ट अपडेट मात्र दिवसभराच्या कामानंतर काही मिनिटांत उरकायचं. साडेअकराशे रुपये मी त्या मिनिटांसाठी द्यायला तयार होतो. हे मामांना समजावताना मी डॉलर आणि आवृत्त्या सोडून फक्त विजेबद्दल बोललो, तेव्हा कुठे ते म्हणाले, ‘‘मग घे की. आधी सांगायचंस.’’

जूनमध्ये मित्राच्या क्रेडिट कार्डावर पैसे भरले. लॅमिंग्टन रोडवरून त्यानेच फायरवायरची डिस्क पाठवली. यूएसबीची स्वस्त पडली असती, पण हे जुने जी-फोर बाहेरून सुरू करायचे तर फायरवायरच हवी. पहिली नक्कल झाली त्याच दिवशी ऑप्शनची कळ दाबून बाहेरच्या डिस्कवरून मशीन सुरू केलं, पेजमेकर उघडला, एक पान छापून बघितलं. माझ्या मते खरेदी इथे पूर्ण होते, पैसे भरताना नाही. नक्कल आहे असं समजून वर्षानुवर्षं निर्धास्त असलेली आणि ती कधीच उघडून न पाहिलेली ऑफिसं मी बघितली आहेत.

या सॉफ्टवेअरने सगळं निभावलं असं मात्र नाही. ऑगस्टमध्ये एका दिवाळी अंकातली मोठी मुलाखत दुरुस्त करून झाली होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर मुलीने त्याच नावाने जुनी, न तपासलेली फाइल वर सेव्ह केली. संध्याकाळी स्मार्ट अपडेटने इमानदारीत तीच चुकीची फाइल बाहेरच्या डिस्कवर नेली. आरशासारखं हे सॉफ्टवेअर आज जे आहे तेच दाखवतं, काल काय होतं ते त्याला माहीत नसतं. टाइम मशीन असतं तर आदल्या दुपारची प्रत सापडली असती. मामा काही बोलले नाहीत. प्रुफं कागदावर होती म्हणून पुन्हा दुरुस्त्या लावता आल्या.

गणपतीत मात्र ७३३ च्या डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला. विजेच्या धक्क्यांनी गेली की वयाने, सांगता येत नाही. फायरवायरवरून मशीन सुरू केलं आणि त्याच दिवशी फॉर्मच्या ट्रेसिंग निघाल्या. नवी डिस्क पुढच्या आठवड्यात बसवली.

१६ ऑक्टोबरला अॅपलने लेपर्डची तारीख जाहीर केली, २६ ऑक्टोबर. दिवाळीचं लक्ष्मीपूजन ९ नोव्हेंबरला होतं, म्हणजे ज्याची वाट बघायची ते अंक बाजारात जाताना येणार होतं. सोबत मशीनची अट वाचायला मिळाली. कमीत कमी ८६७ मेगाहर्ट्‌झ. आमचा एक जी-फोर तिथेच बाद. दुसऱ्यावर लेपर्ड चढला असता, पण लेपर्डमधून क्लासिक काढून टाकलेलं होतं. म्हणजे पेजमेकर बंद, फाँट बंद. टाइम मशीन घेण्यासाठी, ज्याचा बॅकअप घ्यायचा ते कामच सोडून द्यावं लागणार होतं. त्यात पहिल्याच आवृत्तीत फाइल एका डिस्कवरून दुसरीवर हलवताना मध्ये जोडणी तुटली तर मूळ फाइलही जाण्याचा दोष निघाला. १५ नोव्हेंबरला आलेल्या लेपर्डच्या १०.५.१ आवृत्तीत तो दुरुस्त झाला.

मित्राचा इशारा निम्मा खरा ठरला. सुपरडुपर लेपर्डवर सुरुवातीला चालत नव्हतं. त्याची लेपर्डला जमणारी आवृत्ती फेब्रुवारी २००८ मध्ये आली. त्याच वर्षी आम्ही एक इंटेल आयमॅक घेतला. तो इंग्रजी कामाला आणि नव्या युनिकोडच्या कामाला लावला आणि टाइम मशीन त्यावर चालू केलं. त्याच्या जोडीला सुपरडुपरही ठेवलं. जी-फोर टायगरवरच राहिले. सुपरडुपरची नवी आवृत्ती आधी पैसे भरलेल्यांना फुकट होती, त्यामुळे मामांना दुसऱ्यांदा काही विचारावं लागलं नाही.