दुसऱ्याची गाडी

माझ्यात एक दुर्गुण आहे. आजवर तो मी कोणाजवळ बोललो नाही. पण वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून द्या असा आग्रह झाला, तेव्हा न केलेल्या प्रवासाचे वर्णन करण्यापेक्षा स्वतःचा दुर्गुणच लिहावा, असे ठरवले. मला दुसऱ्याची गाडी आवडते.

गाडी म्हणजे अर्थातच मोटारसायकल. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात नुसते ‘गाडी’ म्हटले की दोन चाकेच डोळ्यांपुढे येतात. आजोबा तिला ‘फटफटी’ म्हणत. माझ्याजवळ एक गाडी आहे. ती विकावी असे माझ्या मनात कधी आलेले नाही. पण पेट्रोल पंपावरच्या रांगेत उभा असलो की माझी नजर आपसूक पुढच्याच्या टाकीवरून फिरते. कॉलेजच्या स्टँडवर नवी गाडी आली की तास सुरू झाल्याची घंटा मला ऐकू येत नाही. हजेरीच्या वेळी मी वर्गात नसलो, तर सरांनी आधी स्टँडवर शोध घ्यावा!

हा आजार मला एकट्यालाच जडला आहे, असे मात्र समजू नका. माझ्या एका मित्राने मागच्या पाडव्याला 150 सीसीची नवीकोरी गाडी घेतली. सहा महिने झाले नाहीत तोच तो चहाच्या टपरीवर बसून मोबाईलवर दुसऱ्याच गाडीची चित्रे पाहू लागला. 100 सीसीवाला 150 कडे पाहतो, 150 वाला बुलेटकडे पाहतो, आणि बुलेटवाला? तो पंपावर पाकीट उघडता उघडता माझ्याकडे वळून विचारतो, “ॲव्हरेज किती देते रे तुझी?” म्हणजे पाहण्याचे हे चक्र फिरून पुन्हा माझ्याच गाडीपाशी येते. पण एवढ्यावर समाधान मानील तर ते मन कसले!

आमच्या घरात हा दुर्गुण वंशपरंपरेने आला आहे. आजोबांची सायकल होती. शेजारच्या गावातल्या डॉक्टरांकडे राजदूत होती. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची ही 175 सीसीची दणकट गाडी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालायची आणि मागे निळसर धुराची रेघ सोडत जायची. डॉक्टर आले की आजोबा रोग्याच्या आधी गाडीची चौकशी करत, असे आजी सांगायची. 1973 साली ‘बॉबी’ चित्रपट आला आणि त्यातल्या ठेंगण्या राजदूतला लोकांनी ‘बॉबी’ असेच नाव देऊन टाकले. पुढे म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी आजोबांच्या मनात भरली. घेणे कधीच झाले नाही. 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला आणि आजोबांचा मोह मालकाविनाच निकाली निघाला. पण गंमत पाहा, 2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले आणि 2022 मध्ये येझदीही आली. आजोबांना जिने भुलवले, ती आता नातवाला भुलवायला परत आली आहे!

बाबांनी मात्र गाडी घेतली. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळता, थोड्या पेट्रोलात लांब जाणारी फोर-स्ट्रोक गाडी खेड्यापाड्यांत पोहोचली. 1994 मध्ये तिच्या मागोमाग स्प्लेंडर आली. बाबांनी 2004 साली कर्ज काढून स्प्लेंडर घेतली. तीच माझी गाडी. 97.2 सीसीचे इंजिन, चार गिअर, एम.एच. 28 चा नंबर. डाव्या बाजूचे पॅनेल दुसऱ्याच रंगाचे आहे, दुधाच्या कॅनने मागच्या बाजूला पोचा आलेला आहे, आणि फाटलेल्या सीटवर आईने जुन्या लुगड्याचे शिवलेले कव्हर आहे. टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ हीच अक्षरे आहेत. 2010 च्या डिसेंबरात या दोन घरांनी वेगळे व्हायचे ठरवले, 2011 मध्ये कंपनीचे नावही बदलले. माझ्या टाकीवर मात्र दोघे अजून एकत्र नांदतात.

आमचे गाव मोताळा तालुक्यात, म्हणजे घाटाखाली. कॉलेज बुलडाण्यात, म्हणजे घाटावर. आमच्या जिल्ह्यात माणसाची ओळखही ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ अशीच सांगतात. रोज राजूरचा घाट चढून यायचे आणि संध्याकाळी उतरून जायचे. मागे कोणी बसलेले असले की वळणावर माझी गाडी दुसऱ्या गिअरवर येते. बाजूने एखादी नवी गाडी सहज चढून जाते, आणि तिच्यावरचा मुलगा मागे वळून पाहतो. तो काही म्हणत नाही. पण मला ऐकू येते.

इथपर्यंत हा दुर्गुण निरुपद्रवी होता. पुढे जे झाले ते लिहिताना मात्र हात अडखळतो.

मागच्या वर्षी मी गाडी कॉलेजच्या स्टँडवर लावणे बंद केले. गेटच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे. तिच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा बेताने मी ती उभी करू लागलो. वर एक पोते टाकायचो. टपरीवाल्या काकांना सांगितले, ऊन लागते म्हणून. तिथून मी पायी गेटमधून येत असे, जणू काही एस. टी.नेच आलो आहे! कधी मित्राच्या गाडीवर मागे बसून यायचो. कोणी विचारले नाही, म्हणून खोटे बोलावे लागले नाही, इतकेच.

एकदा बाबांचे बुलडाण्यात डोळे तपासण्याचे काम निघाले. ते एस. टी.ने आले. गाडी त्यांची, आणि एस. टी.ने तेच यायचे. हेही तोवर माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. दुपारी मी मित्राच्या नव्या गाडीवर मागे बसून गेटबाहेर आलो, तर टपरीमागे बाबा! पोते बाजूला घडी करून ठेवलेले. खाली वर्तमानपत्राच्या कागदावर पाना. हात ऑइलने काळे झालेले. त्यांनी प्लग काढून, पुसून परत बसवला होता. गाडी सुरू होती.

“बाबा, तुम्ही?”

“बंद पडली का काय, म्हून पाह्यलं,” ते म्हणाले. “एका किकीत चालू झाली. चालू हाये गाडी.”

माझ्या मागे मित्राची गाडी गुरगुरत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिले, मग पोत्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. पुढे काहीच बोलले नाहीत. हात पुसले, आपल्या गाडीचे इंजिन बंद केले आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटले, “चला, घरी सोडतो.” तर म्हणाले, “तुये तास असतीन. मी जातो एस. टी.नं.” त्या दिवशी मी घाट उतरलो तेव्हा मागचे सीट रिकामे होते, आणि तरीही गाडी मला जड वाटत होती.

बाबा रागावले असते तर बरे झाले असते. ते रागावले नाहीत. त्यांनी मनाशी वेगळेच काही ठरवले.

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, हे आपणा सर्वांना आठवत असेल. त्यात 2 ऑक्टोबरचा दसरा. शोरूमवर झेंडूच्या माळा आणि जत्रेसारखी गर्दी! दसऱ्याच्या चार दिवस आधी मी घरी पोहोचलो, तर अंगणात एक गुरांचा व्यापारी आमच्या म्हशीला चारी बाजूंनी न्याहाळत होता. बाबांनी त्याच्याकडून 2 हजार रुपये इसार घेतलासुद्धा होता. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. पण बाजारात त्याच्या खालीच बोली लागत होती, आणि शेंगा तर पावसाने आधीच काळ्या पडल्या होत्या. मग नव्या गाडीचे सुरुवातीचे पैसे येणार कोठून? आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. म्हशीच्या दुधावर घरचा किराणा चालतो आणि बहिणीची फी भरली जाते, हे ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन शोरूममध्ये गेले. विक्रेत्याने आमची स्प्लेंडर पाहिली आणि म्हणाला, “ही देऊन टाका काका, 9 हजार धरून घेऊ.”

“हे नाही द्याची,” बाबा म्हणाले. “हे आमची घरची हाये. पोराले दुसरी पाह्यजे.”

विक्रेता कागदावर आकडे मांडू लागला. 36 हप्ते. मी ते आकडे पाहत होतो, आणि त्यांच्या जागी मला दुधाचे लिटर दिसत होते. बाबा कुठे गेले म्हणून वळून पाहिले, तर ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते. पलीकडे बुलेटचे शोरूम होते. काचेच्या आत एक काळी बुलेट उभी होती आणि तिच्यासमोर बाबा, हात मागे बांधून, जसे देवळात उभे राहतात तसे.

मी पोहोचलो तेव्हा तिथला मुलगा त्यांना म्हणत होता, “बसून पाहा ना काका.” बाबा आधी नको म्हणाले. मग चप्पल दारात काढून आले आणि बसले. दोन्ही मुठी धरल्या. आरशात पाहिले. माझ्या जन्माआधीपासून स्प्लेंडर चालवणाऱ्या या माणसाच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद यापूर्वी पाहिला नव्हता. मला वाटत होते, मोह फक्त मलाच होतो! अर्ध्या मिनिटाने ते उतरले, खांद्यावरच्या उपरण्याने सीट पुसली, आपल्या बोटांचे ठसे टाकीवर उमटले होते तेही पुसले.

“घ्यावी वाटते का बाबा?” मी विचारले.

“वाटते नं. वीस वर्सं झाले वाटते.” ते हसले. “बसून पाह्यलं. झालं.”

मी नव्या गाडीला नको म्हटले. त्यात मोठेपणा नव्हता. निम्मे कारण त्या 36 हप्त्यांची भीती, हे कबूल केले पाहिजे. बाबांनी बराच आग्रह केला, परत येताना घाटात दोनदा गाडी थांबवून विचारले. मी म्हटले, “टपरीमागं नाही लावणार आता.” त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या गिअरवर आम्ही दोघे सावकाश उतरलो. संध्याकाळी इसार परत गेला. व्यापारी कुरकुरला, पण चहा पिऊन गेला.

आता आठवड्यातले दोन दिवस गाडी बाबांकडे असते आणि मी एस. टी.ने येतो. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. आमची 2019 ला झाली, 2024 ला झाली, आता 2029 पर्यंत चिंता नाही. उरलेले दिवस ती स्टँडवर, सर्वांच्या गाड्यांच्या रांगेत उभी असते. लुगड्याच्या कव्हरासकट.

मग दुर्गुण गेला का? छे! परवाच स्टँडवर एक नवी येझदी आली. आजोबांची आठवण हे निमित्त, पण मी चांगली दहा मिनिटे तिच्याभोवती घुटमळलो. तिचा मालक भला मुलगा निघाला. म्हणाला, “बसून पाहा ना.”

मी बसलो. मुठी धरल्या. आरशात पाहिले. आरशात मागे माझी स्प्लेंडर दिसत होती.

मग उतरलो, आणि खिशातून रुमाल काढून सीट पुसली.