एकास दहा

आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर एक इंजिन होते. पितळी पत्र्याचे, लोखंडी चाकांचे, ८४ सेंटिमीटर लांब आणि दोन छोट्या रुळांवर उभे. आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर चार वर्षे कानस चालवून त्यांनी ते घडवले. आम्हा भावंडांना ते खेळायला कधी मिळाले नाही. दसऱ्याला मात्र त्याला हळदकुंकू लागे.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि फीचा प्रश्न उभा राहिला. आजोबाच म्हणाले, "इंजिन इका. पोरगी शिकंल." घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. साहजिकच विक्रीचे काम माझ्याकडे आले.

पण आमच्या गावात असल्या वस्तूला गिऱ्हाईक कोण? भंगारवाल्याने ती काट्यावर ठेवली. अठरा किलो. लोखंड वजा करून त्याने साडेपाच हजार सांगितले. आजोबा काही न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मग मी फोटो काढून लांबच्या शौकिनांना पाठवले. इंग्लंडमधल्या एका गृहस्थांचे उत्तर आले. किंमत त्यांनी विचारलीच नाही. प्रमाण किती, गेज किती, कारखाना कोणता, मूळ खोके आहे का, एवढेच विचारले. मला एकाही प्रश्नाचे उत्तर येईना! एकोणीस वर्षे जी वस्तू रोज पाहिली, ती मी पाहिलीच नव्हती.

शास्त्र शाखेतल्या मित्राचा व्हर्नियर आणून रुळांमधले अंतर मोजले. ७६.२ मिलिमीटर. आजोबा हसले. "इंचात मोज की. तीन इंच. आपली बार्शी लाईट अडीच फुटी. अडीच फूट म्हंजे तीस इंच. एकास धा." १८९७ साली सुरू झालेली, १९५४ साली सरकारने घेतलेली ती छोटी लाईन आता ब्रॉडगेज झाली आहे. चौथी शिकलेल्या माझ्या आजोबांनी तिचे माप मात्र जसेच्या तसे फळीवर जपले होते.

'कारखाना' या प्रश्नापुढे मी आजोबांचे पूर्ण नाव इंग्रजीत लिहिले. ते लिहिताना हात थोडा थांबला.

इंग्लंडचा सौदा जमला नाही. खोके १०० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचे. कुरिअरवाले आकारमान धरून ३२ किलोंचे पैसे मागत होते. भाडेच वस्तूला खाऊन टाकणार! पण त्याच गृहस्थांनी पुण्यातल्या एका संग्राहकांना कळवले. ते स्वतः गाडी घेऊन आले. त्यांनी दिलेल्या रकमेत बहिणीची दोन वर्षांची फी भागली.

आदल्या रात्री आजोबांनी प्रत्येक चाकाला तेल घातले. सकाळी इंजिन गोधडीत गुंडाळताना त्यांनी पाहुण्यांना एकच विचारले, "तुमच्याकडं रूळ हायती का?"

"घालीन की, आजोबा. तीन इंची."

गाडी गेली. संध्याकाळी मोकळ्या फळीकडे माझे लक्ष जाई. आजोबा म्हणाले, "तू मापलंस न्हवं?"

"हो."

"मग झालं."