आवृत्तीचे साल

१९९५ च्या ऑगस्टात ‘विंडोज ९५’ आली, तेव्हा तिचे साल तिच्या नावातच होते. पुढे ९८, मग २००१ ची एक्सपी. नवी घ्यावी की जुनीवरच भागवावे, हे आम्ही घरी विचारविनिमयाने ठरवीत असू. २०१५ च्या ‘विंडोज १०’पासून आपोआप उतरणाऱ्या सुधारणा नाकारणे घरगुती वापरात अवघड झाले. हीच शेवटची आवृत्ती, असे कंपनीचा एक अधिकारी तेव्हा म्हणाला होता. २०२१ मध्ये अकरावी आलीच! सुरक्षिततेची डागडुजी वेळेवर होते, हे मान्य. परंतु ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून कपाटातील पहिली कोणी पुसून टाकीत नाही. इंदुरातील आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत युनिकोडपूर्व टंकात, ९८ वर उतरविलेला आहे. तो जुना संगणक आम्ही इंटरनेटला न जोडता जपला आहे. सुनांची माहेरची नावे अद्याप तेथेच वाचावी लागतात.