मोजून दाखवा

ऑडिट लागल्याची बातमी शिंदखेड्याच्या पंचायत समितीत साहेब लोकांच्या आधीच पोचायची. मग आठवडाभर कपाटं उघडी. कीर्द, प्रमाणकं, साठा नोंदवही, जडसंग्रह नोंदवही असे बस्ते टेबलावर ओळीने लागायचे. स्थानिक निधी लेखापरीक्षेचं पथक धुळ्याहून एसटीनं यायचं, आणि दरवाजातल्या शिपायापासून गटविकास अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचा आवाज खाली यायचा.

त्यातले एक ज्येष्ठ लेखापरीक्षक मला अजून दिसतात. बोलणं कमी, हातात लाल पेन्सिल. ब्लिचिंग पावडरच्या खरेदीची तीन दरपत्रकं त्यांनी शेजारी शेजारी मांडली. दुकानं तीन, शिक्केही तीन. पण ‘पावडर’ शब्द तिन्ही कागदांवर ‘पाउडर’ असा, एकाच वळणाच्या अक्षरात. ते काही बोलले नाहीत. कोऱ्या कागदाची उभी घडी घातली, डाव्या अंगाला आक्षेप लिहिला, उजवं अंग उत्तरासाठी मोकळं सोडलं. हे अर्धसमास पत्र. त्याचं उत्तर पटलं नाही, तर रक्कम वसूलपात्र ठरून जबाबदार माणसाच्या डोक्यावर बसायची.

दुसऱ्या दिवशी ते तापीकाठच्या एका गावात गेले. ग्रामपंचायतीची खोली उघडायला लावली आणि नोंदवही मांडीवर घेऊन म्हणाले, “भाऊ, आता मोजून दाखवा.” पथदिव्यांचे बल्ब, नळाचे तुकडे, झाडू. किती आले, किती वापरले, किती शिल्लक, सगळं उन्हात मांडलं गेलं. गावातली म्हातारी माणसं ओट्यावरून बघत होती. माझ्या लेखी खरं ऑडिट ते.

म्हणून तो काळ सोन्याचा होता असं मात्र म्हणवत नाही. 1990 च्या सुमारास आमच्याच धुळे जिल्हा परिषदेत भास्कर वाघ प्रकरण उघडकीस आलं. एका रोखपालाच्या हातून कोट्यवधी रुपये गेले होते. शिक्के होते, सह्या होत्या, नोंदवह्याही होत्या. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्हा खानदेशी माणसांना ‘धुळे जिल्हा परिषद’ म्हणताना खाली बघावं लागलं.

आता सगळं पोर्टलवर. 2016 साली सरकारी खरेदीसाठी ‘जेम’ आलं, 2020 मध्ये ग्रामपंचायतींच्या हिशेबासाठी ई-ग्रामस्वराज, त्याच्याच जोडीला वित्त आयोगाच्या निधीच्या लेखापरीक्षणासाठी ऑडिटऑनलाइन. पैसा थेट पुरवठादाराच्या खात्यात जातो. दोंडाईच्याचं पोरगं मोबाइलवर गावाचा खर्च काढून सरपंचाला विचारू शकतं. आमच्या वेळी एवढी माहिती मिळवायला तालुक्याला दहा हेलपाटे पडले असते. हा बदल मोठा आहे आणि मला मनापासून आवडतो.

पण खरेदीचे तुकडे पाडायची खोड पोर्टलनं गेली नाही. मर्यादेच्या खाली बसतील अशी दोन-तीन बिलं आजही निघतात. आणि डिजिटल सहीचं डोंगल! सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) दोघांच्या डिजिटल सहीशिवाय पैसा हलू नये, असा नियम. पण सरपंचबाई शेतात निंदणीला आणि त्यांचं डोंगल भलत्याच्याच खणात, पासवर्डसकट, असं किती गावांत चालतं! आधी निदान सहीसाठी त्यांच्या दारात तरी जावं लागे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत सरकारी नोकरांना खरेदीसाठी चक्क कार्ड देतात. तिथल्या लेखापरीक्षकांनी 2008 च्या अहवालात दोन साध्या गोष्टी तपासल्या: खरेदीला रीतसर मंजुरी होती का, आणि माल आल्याची खात्री कार्डधारकाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणी केली का. सुमारे 41 टक्के व्यवहार यातल्या एका ना एका कसोटीवर नापास, असा त्यांचा अंदाज निघाला. वाचताना मला ती तापीकाठची खोली आठवली. त्या साहेबांनी दुसरं काय केलं होतं? माल आला का, हे घेणाऱ्याला न विचारता स्वतः पाहिलं.

आज फोटो अपलोड होतो. फोटोत सौरदिवा दिसतो, पण तो रात्री लागतो का, हे त्या गल्लीतल्या माणसालाच ठाऊक. त्यानं विचारायचं कुठं, तर ग्रामसभेत. मागच्या ऑडिटचे आक्षेप आणि त्यांची उत्तरं ग्रामसभेपुढे ठेवलीच पाहिजेत, असं ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 8 मध्ये आहे. आमच्याकडे अनेक सभा कोरमअभावी तहकूब होतात आणि ते कागद वाचलेच जात नाहीत. पुढच्या सभेला साठा नोंदवही मागा. सोबत दोन पोरं घ्या आणि गल्लीतले दिवे मोजायला निघा.